मुद्देमाल

पेडण्याला, बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यात
आता बिअर करतात.
भिंतीवर परवाना होता. आधी तो वाचला,
मुदत, शिक्का, क्रमांक.
निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी
डोळे ड्यूटीवरच.

इन्सुलीच्या नाक्यावर सव्वीस वर्षं काढली मी.
खतात, काजूच्या पोत्यात,
एकदा तर गणपतीच्या मखरात दडवलेली बाटली
नुसत्या वासावर काढली.
जिभेवर मात्र थेंब नाही.
कुणाला शब्द दिला होता असं नाही.
आवडली तर काय, एवढीच भीती.

झुलेमानं ग्लास ठेवला. पोट मोठं, गळा अरुंद.
काळंभोर. उजेडात धरलं तर कडेला तांबूस,
चिऱ्याच्या खाणीत साचलेल्या पाण्यासारखं.
फेस कोऱ्या चहात चुकून दूध पडावं त्या रंगाचा.
मी उचलणार, तर म्हणाली,
"मात्शें रावात. तळव्यांत धरात.
थंड आसतना ती उलयना."

मला लिहायचं तर पंचनामाच येतो.
वर्णन येणेप्रमाणे:

वास कॉफीचा, पण कपातल्या नव्हे.
न दळलेल्या बियांचा, गोणपाटासकट.
त्याच्या मागं लाकूड. ओक म्हणे; ते झाड मी पाहिलेलं नाही.
पण होडीची फळी वाकवायला सुतार तिला शेकतो,
तेव्हा मांडवात जो धूर अडकून राहतो, तो मी ओळखतो.
आणि त्याही मागं
व्हिस्की.
इथं माझं पेन थांबलं असतं.
"परवान्यात व्हिस्की नाही," मी म्हणालो.
ती हसली. पिंप रिकामंच आलं होतं.
आठ महिने बिअर त्यात निजली,
आणि फळ्यांत जे मुरलं होतं
ते आपणहून बाहेर आलं.

रिकाम्या पिंपावर
आम्ही कधी गुन्हा नोंदवला नाही.

मग घोट.
गुऱ्हाळात काहिलीच्या तळाला लागलेल्या गुळाचा कडूपणा,
करवंटीची धग,
आणि उशिरा, घशाच्या पार खाली,
एक ऊब, जिला मी जन्मभर
टक्क्यांत मोजत आलो.
डोळे मिटले असावेत माझे.
कारण ती काय म्हणाली ते मी अंधारात ऐकलं:
"पप्पा सांगतालो, इन्सुलेक एक सायब आशिल्लो.
सोरो ओततना दोळे धांपतालो."

मी डोळे उघडले.
ती ग्लास पुसत होती, माझ्याकडे बघत नव्हती.
तिच्या मागं, परवान्याच्या शेजारी, एक फोटो.
माणूस मी ओळखला नाही.
टेम्पो ओळखला. निळा, डावा दिवा फुटलेला.
पहाटेचे चार, बांगड्यांच्या बर्फाखाली अठरा खोकी,
आणि लुंगी सावरत खाली उतरलेला एक जण,
ज्यानं वाद घातला नाही, फक्त
बांगडे तेवढे खराब होऊ देऊ नका म्हणाला.
पुढं कोर्टाचा हुकूम आला. नाल्याकाठी
मी एकेक बूच उघडलं,
आणि ओतण्याआधी दर वेळी नाकाशी नेलं.
नियमात तसं काही नव्हतं.
तो कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता हे
मला आज कळलं.

"कसो आसा?" तिनं विचारलं.
तीस वर्षांत हजार कागदांवर सह्या केल्या,
आणि हा एक शब्द सापडेना.
"आणखी थोडी," म्हणालो.

परतीची बस नाक्यावर थांबली.
टॉर्च घेऊन एक पोरगा चढला, नवा असावा,
बुटांची पॉलिश अजून शाबूत.
माझ्यापाशी आला, आणि त्याचं नाक
किंचित हललं.
चांगलं नाक आहे पोराचं.
पिशवी उघडायला लावली.
चष्म्याचं घर, रुमाल, घडी घातलेला पेपर.
"काही नाही," तो मागच्याला म्हणाला,
"रिकामी आहे,"
आणि पुढच्या बाकाकडे वळला.